डाग

किंमत सांगायची तर आधी सायकल उलटी करावी लागते.
वरून कोणीही चकाकतं,
लोखंड पोटाखाली खरं बोलतं.

पद्माबाई गज्जम कन्ना चौकातून ती ढकलत घेऊन आल्या.
पदरानं सीट पुसलं, मग म्हणाल्या,
"मस्तानभाई, कागदावर आकडा लिहून द्या. सहीनिशी."

बसा की, म्हटलं.
आकडा असा लगेच उतरत नसतो.

हंबर. विलायती.
पुढचा चिमटा दुहेरी नळ्यांचा,
असा चिमटा मी सोलापुरात तीनदाच पाहिलाय,
त्यातला एक भंगारवाल्याच्या काट्यावर.
मागच्या हबवरचा चिखल खिळ्यानं खरवडला
तर आतून साल निघालं, एकावन्न.
म्हणजे माझ्याहून पाच वर्षांनी थोरली
आणि पाठीचा कणा माझ्याहून सरळ.

साखळीचा डबा बंद. बोट घातलं,
बोटाला तेल.
हँडलाखाली तारेत ओवलेले पितळी बिल्ले,
वर्षाला एक, कर भरल्याचे.
मोजले तर मधलं एक साल गायब.
"त्या वर्षी नान्ना आडगल्लीनं मिलला जायचे," बाई म्हणाल्या,
"बिल्ला बघणारा शिपाई पार्क चौकात उभा असायचा."
हे मी कागदावर घेतलं नाही.

कॅरिअर नंतरचं, मागाच्या पट्टीतून ठोकलेलं,
सुताची बाचकी वाहायला. दोन हजार वजा.
नळीवर पोराचं लाकडी बूड, आणखी वजा.
पुण्याचे शौकीन असलं आधी काढून फेकतात
आणि त्याला अस्सल म्हणतात.

तरीही बेरीज मोठी होत चालली.
मी तोंडानं पुटपुटत होतो, त्या ऐकत होत्या
आणि बोटांवर विड्यांची बंडलं मोजत होत्या.
मग हळूच म्हणाल्या,
"कमी नाही का होणार?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा.
एक भाऊ भिवंडीला, एक सुरतेला.
घर विकलं, माग विकले,
वाटे झाले, ही तेवढी उरली.
ती बाईंना ठेवायचीय,
म्हणजे दोघांचे दोन वाटे यांनी मोजायचे.
विड्या वळून.

"बाई, मी खोटा आकडा लिहीत नाही.
वर नाही, तसा खालीही नाही."
बोललो खरा,
आणि बॅटरी घेऊन पुन्हा खाली वाकलो,
कशासाठी, ते माझं मला माहीत.

पायडलाच्या वर, जिथं नळ्या भेटतात,
काळ्या रंगाखाली एक फुगवटा लागला.
नखानं रंग उडवला. पितळ.
आमच्या धंद्यात जोडाला डागच म्हणतात.
डाग सरळ, केसाएवढा,
आणि टोकाला एक थेंब तसाच सोडलेला.

तो थेंब कानशीनं घासायला मी लहानपणी धावायचो
आणि अब्बा हातावर चापट मारायचे,
"राहू दे. कळू दे जोडलंय म्हणून."

पन्नास वर्षं, वर बाप, नळीवर पोरगी, मागं सूत,
आणि तो जोड उकललेला नाही.
असं काम आता मला जमत नाही.

पण चौकट डागलेली असली की किंमत निम्मी.
हा नियम बाजाराचा,
मीच कितीजणांना तोंड वर करून ऐकवलेला.

लिहिलं: चौकट डागलेली आहे.
आकडा खोडून निम्मा केला.
पेन थोडं अडलं, शाई जुनी असेल.
सही करताना मी मधलं नाव गाळतो नेहमी,
आज पुरतं लिहिलं,
मस्तान अब्दुलगनी बागवान.

बाईंनी कागद लांब धरून वाचला,
घडी घालून बटव्यात ठेवला.
मधलं नाव कुणाचं, हे काही विचारलं नाही.
मागच्या चाकात हवा कमी आहे,
एवढंच म्हणाल्या.